बाबा, तुमचा सराव कधी असतो?

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. ८०० मीटर धावते. पहाटे साडेचारला स्वतःहून उठते, रात्री नऊच्या ठोक्याला झोपते. सर सांगतील तेच खाते, सर सांगतील तेवढंच धावते. ते सर तिच्याही आधी मैदानावर येऊन उभे असतात, हे ती कौतुकानं सांगत असते. ते देव मानत नाहीत. घरच्या प्रार्थनेला मात्र तिला जांभया येतात.

मी आमच्या चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) आहे आणि दर रविवारी तरुणांचा वर्ग घेतो. बायबलमधल्या १ करिंथ ९ मधली २४ आणि २५ ही शर्यतीबद्दलची वचनं माझी फार आवडती. तिच्यासमोर ती किती वेळा घेतली असतील! ऑलिंपिक धावपटू एरिक लिडेल रविवारी धावला नाही, हेही सांगितलं. शारीरिक कसरत थोडक्याच बाबतीत उपयोगी आहे, हे तिमथ्याच्या पत्रातलं वचन दाखवलं. काही फरक नाही. परवा रागावलो, तर उलट मलाच विचारते, ‘बाबा, तुमचा सराव कधी असतो?’ हल्लीच्या मुलांना मोठ्यांशी बोलायचं भान राहिलेलं नाही. असो.

पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची अंतिम फेरी रविवारी आहे. फॉर्मवर माझी सही लागते. ती मी अडवून ठेवली आहे. धावण्याला देते त्याच्या निम्मं मन तरी तिनं प्रभूला द्यावं, एवढंच माझं मागणं आहे. तिला कसं समजावू?

– एक बाप

भाऊ,

तुम्ही ‘असो’ म्हणून जे वाक्य मागे टाकलंत, मी त्याच वाक्यापाशी अडले आहे.

तुमच्या मुलीनं उलट उत्तर दिलेलं नाही. तिनं एक प्रश्न विचारला आहे, आणि तुमच्या घरात विश्वासाबद्दल बऱ्याच दिवसांत कोणी इतका गंभीर प्रश्न विचारला नसावा. तुम्ही काय मानता, हे तिनं विचारलं नाही; ते तिला पाठ आहे. रविवारी काय शिकवता, तेही ती लहानपणापासून ऐकते आहे. तिनं वेळ विचारली. धावणारी माणसं एकमेकांना हेच विचारतात. कोणी ‘मीही धावतो’ म्हणालं, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात: कधी जाता, किती दिवस जाता, कोणाकडे शिकता. त्यात हिणवणं नसतं. समोरचा आपल्यातलाच आहे असं मानलं की माणूस असं विचारतो. ख्रिस्ती जीवन ही शर्यत आहे, असं तुम्ही तिला वर्षानुवर्षं सांगत आलात. तिनं ते खरं मानलं, म्हणून विचारलं.

आणि तुम्ही चिडलात.

खरं सांगते, पत्र वाचताना मला तुमचा राग आला तो इथे. तिच्या उठण्याची वेळ तुम्ही लिहिली आहे, झोपण्याची लिहिली आहे, तिचे सर कधी पोचतात तेही लिहिलं आहे. तुमची स्वतःची वेळ पत्रात कुठेच नाही. रविवारचा वर्ग आहे, घरची प्रार्थना आहे, म्हणजे जिथे तुम्ही बोलता आणि बाकीचे ऐकतात त्या दोन्ही जागा आहेत. जिथे तुम्ही एकटे असता, कोणाला काही शिकवत नसता, फक्त देवासमोर असता, अशी एकही जागा तुम्ही सांगितली नाही. मुलीला सांगितली नाही आणि मलाही नाही. ज्याच्यापाशी उत्तर असतं, तो अशा प्रश्नावर रागावत नाही. तो सरळ सांगतो, ‘बाळा, अमुक वाजता.’

आता तुमच्या आवडत्या वचनांकडे येते. २४ आणि २५. मग २६ आणि २७ कुठे गेली?

करिंथ शहराजवळ, इस्थमसच्या चिंचोळ्या भूमीवर, दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. ज्यानं ही वचनं लिहिली तो प्रेषित पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता, तंबू शिवून पोट भरत होता. तिथल्या विजेत्याला मिळणारा मुकुट पाइनच्या डहाळीचा किंवा वाळलेल्या सेलेरीचा असे. थोड्या दिवसांत त्याचा पाचोळा व्हायचा. ऑलिंपियाच्या खेळाडूंना तर शपथ घेऊन सांगावं लागे, की आम्ही सलग दहा महिने नियमानं सराव केला आहे. करिंथकरांना हे खेळ जवळून ठाऊक होते, म्हणून पौलाला चार वचनं पुरली. पण त्या चार वचनांत तो एकाही खेळाडूला रागावत नाही, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? मैदान सोडा, असं तो म्हणत नाही. वाळून जाणाऱ्या मुकुटासाठी ती माणसं एवढा संयम पाळतात, मग न वाळणाऱ्या मुकुटासाठी आपण काय करतो, असं तो विचारतो. आणि विचारतो मंडळीतल्या माणसांना. खेळाडू तिथे आरोपी म्हणून उभा नाही. तो साक्षीदार आहे.

त्यानंतर पौल स्वतःकडे वळतो. मी दिशा न ठरवता धावत नाही, हवेत ठोसे मारत नाही, मी माझं शरीर कुदलून त्याला दास करून ठेवतो. का? तर दुसऱ्यांना घोषणा केल्यावर मी स्वतःच पसंतीला न उतरलेला ठरू नये म्हणून. भाऊ, ही भीती धावणाऱ्याची नाही. ही उपदेश करणाऱ्याची भीती आहे, वर्ग घेणाऱ्याची आहे. पौलासारखा माणूस ती उघडपणे लिहून ठेवतो, आणि तुम्ही त्या वचनाच्या अलीकडेच पुस्तक मिटता.

तिमथ्याचंही तेच झालं आहे. कसरत थोडक्या बाबतीत उपयोगी, हे आठवं वचन तुम्ही मुलीला दाखवलंत. त्याच्या आधीचं, सातवं, तिमथ्याला सांगतं की सुभक्तीविषयी कसरत कर. तिमथ्य पुढारी होता, दुसऱ्यांना शिकवायची जबाबदारी त्याच्यावर होती. कसरत करायला त्यालाच सांगितलं आहे.

आता त्या सरांबद्दल. ते देव मानत नाहीत, हे तुम्हाला खुपतं. मला ते समजतं. पण तुमची मुलगी त्यांचं इतकं का ऐकते, याचा विचार तुम्ही केला आहे का? ८०० मीटर ही फार निर्दय शर्यत आहे. मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी उत्साहात निघून जाते आणि तीच जास्त जोरात गेली तर दुसरी वसूल करते. शेवटच्या दीड-दोनशे मीटरांत पाय शिशाचे होतात, श्वास पुरत नाही, डोळ्यांपुढे फक्त लेनची पांढरी रेघ उरते. सरावात चांगला प्रशिक्षक नेमका त्या वळणावर येऊन उभा राहतो. हातात स्टॉपवॉच असतं, तो सेकंद ओरडून सांगतो, खांदे सैल सोड म्हणतो, हात हलव म्हणतो. मुलीचा जीव जिथे जातो तिथे तो असतो. शिवाय पहाटे अंधारात तिच्याआधी पोचलेला असतो, हे तुम्हीच लिहिलं आहे. ती त्यांच्यापाशी नास्तिकपणा शिकत नाहीये. एखाद्या गोष्टीला माणूस वाहून घेतो तेव्हा तो कसा दिसतो, हे तिला तिथे रोज पाहायला मिळतं. तुमच्यापाशी तिला त्याबद्दल ऐकायला मिळतं.

नीतिसूत्रांच्या २३व्या अध्यायात २६वं वचन आहे. बाप मुलाला म्हणतो, तुझं मन मला दे. आणि लगेच त्याच वाक्यात म्हणतो, तुझे डोळे माझे मार्ग पाहोत. बापाच्या तोंडी असलेलं सगळं ज्ञान मला त्या एका वचनात दिसतं. मन मागायचं असेल, तर वाट दाखवायला हवी. पहिला अर्धा भाग तुम्ही रोज मागता आहात. दुसऱ्या भागाचं काय, असं तुमची मुलगी विचारते आहे. ज्या शलमोनाच्या नावावर ही सूत्रं आहेत, त्यानं देवाकडे समंजस मन मागितलं आणि ते त्याला मिळालंही. तरी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा ११वा अध्याय म्हणतो, की म्हातारपणी त्याचं मन देवाशी पूर्ण राहिलं नाही. सुज्ञ बोलणं त्याच्यापाशी भरपूर होतं. तेवढ्यानं मन पूर्ण राहत नाही.

‘निम्मं मन’ हा तुमचा शब्दही मला बोचला. आपल्या देवानं निम्मं मन कधी मागितलं? पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं, पूर्ण शक्तीनं प्रीती कर, अशी आज्ञा आहे. तुम्ही स्वतःच देवासाठी घासाघीस करून किंमत निम्म्यावर आणलीत, आणि मुलीला हे कळलं असणार. जिला मैदानावर शंभर टक्के द्यायची सवय आहे, तिला निम्म्याचं आमंत्रण कसं ओढून घेईल?

कालेबाची गोष्ट तुमच्या वर्गात नक्की झाली असेल. यहोशवाच्या १४व्या अध्यायात त्यानं परमेश्वराला पूर्णपणे अनुसरलं, असं तीनदा लिहिलं आहे. तेव्हा तो ८५ वर्षांचा होता आणि डोंगराळ मुलूख मागत होता, जिथे धिप्पाड अनाकी लोक आणि तटबंदीची शहरं होती. मोशेच्या सांगण्यावरून कनान देश हेरायला गेला तेव्हा ४० वर्षांचा होता. मधली ४५ वर्षं जवळजवळ कोरी आहेत. त्यातली बरीचशी रानात गेली, तीही दुसऱ्यांच्या अविश्वासापायी. त्या काळात त्यानं एखादं भाषण केल्याची नोंद नाही. तरी ८५व्या वर्षी तो म्हणू शकला, की तेव्हा माझ्यात जेवढी शक्ती होती तेवढीच आजही आहे. मला हा माणूस फार आवडतो. त्याचं पूर्ण मन त्या न लिहिलेल्या वर्षांत टिकलं, आणि तुमची मुलगी तुमच्या तशाच, कोणी न पाहिलेल्या वेळेबद्दल विचारते आहे.

लिडेलचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण तेही अर्धंच सांगितलंत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, हे खरं. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं. त्यानं तेव्हाच ठरवलं आणि ४०० मीटरचा सराव वाढवला. पॅरिसमध्ये त्यानं ते अंतर ४७.६ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला, सोनं घेतलं. २०० मीटरमध्ये कांस्यही मिळवलं. कोणी त्याची सही अडवली नव्हती. तो निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि सगळी ताकद त्यातच होती. बापानं अडवलेला रविवार आणि स्वतः देवाला दिलेला रविवार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेईश्येनच्या छावणीत डांबलं. त्या छावणीत लिडेल पहाटे सहाच्या सुमाराला वरच्या बिछान्यावरून खाली उतरायचा, झोपलेल्या सोबत्यांना चुकवत यायचा आणि शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी एका सोबत्याबरोबर बायबल वाचून प्रार्थना करायचा. उजेड बाहेर जाऊन पहारेकऱ्यांना संशय येऊ नये म्हणून पडदे घट्ट ओढलेले असायचे. मग दिवसभर मुलांना शिकवायचा, म्हाताऱ्यांना पाणी आणून द्यायचा, तरुणांचे खेळ घ्यायचा. रविवारी खेळ नाही, हा नियम त्यानं तिथेही पाळला होता. पण पंच नसताना मुलं रविवारी हॉकी खेळली आणि भांडली, तेव्हा पुढच्या रविवारी हा माणूस स्वतः पंच म्हणून उभा राहिला. स्वतःचं सोनं मिळवायला ज्यानं रविवार मोडला नाही, त्यानं त्या मुलांसाठी तो मैदानावर घालवला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीनं तो तिथेच गेला, ४३ वर्षांचा होता. पॅरिसचा रविवार सगळ्यांना सांगावासा वाटतो. पण त्या दिव्यापाशी बसणारा माणूस मुलांना दिसला होता, म्हणून त्याचा शब्द त्यांनी मानला.

तुमचं उत्तर आता एका वाक्यात देते. तुमची मुलगी साडेचारला उठते, तुम्हीही साडेचारला उठा.

उद्यापासून. ती बूट बांधत असेल तेव्हा तुम्ही तोंड धुऊन बसलेले असा. पवित्र शास्त्र उघडा. मार्कचं शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून वाचा, वर्गाची तयारी म्हणून नाही. त्यातून रविवारी काय सांगता येईल हे शोधू नका, पेन हातात घेऊ नका. वाचा आणि गुडघे टेका. मुलीसाठी प्रार्थना कराल तेव्हा तिचं धावणं सुटावं असं मागू नका. माझं मन पूर्ण कर, असं स्वतःसाठी मागा. पहिले काही दिवस डोळे मिटतील, वाचलेलं डोक्यात शिरणार नाही. तिलाही पहिले महिने तसेच गेले असतील, विचारून बघा. किंवा नको, विचारू नका. सध्या काहीच बोलू नका. हा हंगाम संपेपर्यंत तिच्या धावण्याबद्दल, जांभयांबद्दल, सरांबद्दल एक शब्दही नाही. वर्गात उदाहरण म्हणूनही तिचं नाव घ्यायचं नाही.

तुम्ही म्हणाल, प्रभूनं तर खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, मुलीला दिसेल अशी प्रार्थना म्हणजे ढोंग नाही का? दार लावाच. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू रागावतो ते चौकात उभं राहून लोकांची दाद मिळवणाऱ्यांवर. दार लावलेल्या बापाबद्दल घराला कळतंच. दाराखालून उजेड दिसतो, पहाटे पाण्याचा आवाज येतो, आणि काही महिन्यांनी त्या माणसाचा आवाज थोडा खाली आलेला असतो. तिच्या लक्षात येणं हे तुमचं काम नाही. तिच्या लक्षात आलं नाही, तरीही उठायचं आहे. मुलीला वळवायची युक्ती म्हणून उठलात, तर पंधरवड्यात थकाल.

एका जागी मात्र मैदान आणि विश्वास वेगळे होतात, आणि ते सांगितल्याशिवाय मला हे पत्र संपवता येणार नाही, कारण तुमच्यासारखी नियमाची माणसं तिथेच अडखळतात. तिच्या शर्यतीत पहिला क्रमांक एकाचाच असतो. तिनं महिनाभर सराव सोडला तर फुफ्फुसं आणि पाय ते विसरणार, घड्याळ सवलत देणार नाही. देवापाशी घड्याळ नाही. एखाद्या पहाटे तुम्ही झोपून राहिलात, तर तो तुम्हाला संघातून काढत नाही. शिष्य पेत्रानं प्रभूला तीन वेळा नाकारलं, आणि पुढे प्रभूनं किनाऱ्यावर त्याला किती दिवस वाया घालवलेस असं विचारलं नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच विचारलं. तेव्हा पहाटेचं हे उठणं म्हणजे पुण्य साठवणं नव्हे. आपलं तारण त्याच्या कृपेनं झालेलं आहे, त्यात आपल्या साडेचारनं भर पडत नाही. ज्यानं आपल्याला मिळवलं त्याच्या सहवासात राहायचं म्हणून उठायचं. खेळाडूच्या शिस्तीतून एवढंच घ्यायचं, की जे खरोखर हवं असतं त्याच्यासाठी माणूस वेळ ठरवतो.

फॉर्मवर आज सही करा. देताना सोबत वचन जोडू नका, चेहरा पाडू नका. रविवारी धावावं की नाही, हे ठरवायची वेळ तिच्यावर येईल, लिडेलवर आली तशी. तेव्हा ती देवाशी बोलून ठरवू शकेल असं तिचं नातं त्याच्याशी असायला हवं, आणि सही अडवून ते नातं बनत नाही. तिनं या वेळी धावायचं ठरवलं तर तो तिचा आणि प्रभूचा प्रश्न आहे. तुम्ही त्यात पडू नका.

वर्ग चालू ठेवा. फक्त पुढच्या वेळी तो उतारा घ्याल तेव्हा २७व्या वचनापर्यंत वाचा, आणि तिथे पोचल्यावर आवाज मुलांवर चढवू नका. तो भाग स्वतःसाठी वाचा. मुलांनी काही विचारलं आणि ते तुम्हाला टोचलं, तर रागावण्याआधी उत्तर आपल्यापाशी आहे का ते पाहा.

हंगाम संपला की मला पुन्हा लिहा. त्या पत्रात मुलीबद्दल काही नसलं तरी चालेल, मार्क कुठपर्यंत आला ते लिहा.

– तुमची ताई